सतरा नंबरचा निबंध

आमच्या वाचनालयाचा वर्धापनदिन कागदोपत्री ऑगस्टात येतो, पण साजरा मे महिन्यात होई. ऑगस्टात मुंबईचे देणगीदार गावात नसतात. मे महिन्यात ते आंबे खायला येतात, तेव्हा त्यांचे सत्कार एकाच संध्याकाळी उरकता येतात. मी त्या काळी हायस्कुलात मराठी शिकवत होतो आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होतो. मास्तर कोणाची भीडभाड ठेवत नाहीत, अशी माझी ख्याती होती. स्वागताध्यक्षांचं स्वागत करायला आणखी एक स्वागताध्यक्ष नेमणार का, असं मी एकदा भर सभेत विचारलं होतं. ते वाक्य गावात दोन वर्षं फिरत होतं आणि अधूनमधून माझ्यापर्यंत परत येत होतं. मला ते आवडत असे. दुसऱ्यांच्या फेट्यांना हसणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून बघायचं सुचत नाही, एवढंच.

समारंभाचा एक भाग म्हणजे रसग्रहण स्पर्धा. शाळा-कॉलेजातल्या मुलांनी आवडत्या पुस्तकाचे गुण आणि दोष चार पानांत लिहायचे. निबंधावर नाव नाही, फक्त नंबर. परीक्षक मीच, कारण बाकी कोणी वाचायला तयार नसे. बक्षिसं देण्याआधी परीक्षकाने दहा मिनिटं बोलायचं आणि निबंधांतल्या गमतीजमती वाचून दाखवायच्या. ही प्रथा मी सुरू केली होती. दोन तासांच्या हारतुऱ्यांनंतर लोक त्या दहा मिनिटांची वाट बघत. निबंधावर नाव नसतं, त्यामुळे कोणाला लागत नाही, असं मी सांगत असे. आमच्या गावात कोणाच्या घरी कोणती भाजी शिजते हे वासावरून सांगणारी माणसं आहेत. नंबराने कोण लपणार?

ही २००९ सालची गोष्ट. स्पर्धेच्या आठवडाभर आधी आमच्या दारावर मासे घेऊन येणारी बाई पाटी उतरवून बसली आणि माशाचं नाव न घेता म्हणाली, "मास्तरानू, एक इचारूचा होता."

"इचार गो."

"चेडवान बारावीची परीक्षा दिल्यान. आता कुडाळाक मावशीकडे ऱ्हवान कॉलेजात जातंय म्हणता. तिचो काको म्हणता, काजूच्या फॅक्टरीत लाव. माका त्यातला काय समाजता? चेडू शिकण्यासारख्यां आसा काय, तां तुमी सांगा."

"मार्क बरे पडतत ना तिका?"

"मार्क पडतत. पण सगळो वेळ त्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसान वाचत ऱ्हवता. काय वाचता तां देवाक म्हायत. तुमच्या स्पर्धेत कायतरी लिवल्यान हा. तां वाचा. तुमी बरां म्हटलात तर धाडतंय कुडाळाक. नायतर फॅक्टरी आसाच."

"निबंधार नावां नसतत गो. पण निकाल लागलो काय कळतला."

"मगे निकालाक येतंय मी," ती म्हणाली आणि सुरमईवरचं फडकं बाजूला केलं.

पंधरा वर्षं ती आमच्याकडे येत होती. मुलीच्या आयुष्याचा एवढा मोठा निर्णय ती माझ्या एका शब्दावर टाकून गेली. मला त्याचं ओझं वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.

बावीस निबंध आले. वीस निबंध तीनच पुस्तकांवर होते आणि त्यांतले बरेचसे एकाच गाईडातून उतरलेले. दोषांच्या मथळ्याखाली बहुतेकांनी 'या पुस्तकात एकही दोष आढळत नाही' असं लिहून हात धुतले होते. एक निबंध पाककृतींच्या पुस्तकावर होता, तो मला आवडला. आणि सतरा नंबरचा निबंध एका मंगावर होता. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा, हे त्यातच पहिल्या ओळीत लिहिलं होतं. बुडालेल्या बोटीतली माणसं परग्रहावरच्या एका कोरड्या समुद्राच्या तळाशी जागी होतात, त्यांना जीव वाचवण्याचे खेळ खेळावे लागतात, आणि हरेल तो मरतो. निबंधाला त्या पुस्तकातल्या दोन पानांच्या झेरॉक्स टाचल्या होत्या. तिकिटापासून समुद्राच्या तळापर्यंतच्या लहान चौकटी, फाटलेली माणसं, काळं रक्त, आणि मधोमध एक किंचाळणारं तोंड. मला त्यावेळी पन्नाशी जवळ आली होती आणि माझ्या वाचनाबद्दल माझं मत चांगलं होतं. मी त्या झेरॉक्स पाहिल्या आणि निकाल मनात लागला. सतरा नंबर बाविसावा.

समारंभाच्या दिवशी हॉल भरला होता. पुढच्या खुर्च्यांवर देणगीदार आणि त्यांची कुटुंबं, मागे बाकांवर गाव. प्रमुख पाहुणे पिंगुळीच्या चित्रकथीवर बोलले. चित्रांच्या पोथ्या समोर धरून गोष्ट सांगण्याची ही आपली थोर परंपरा कशी जतन केली पाहिजे, हे त्यांनी चाळीस मिनिटं सांगितलं. मी मान डोलावली. कार्यक्रमपत्रिकेत पुढचं नाव माझं होतं आणि माझ्या हातात चित्रकथेवरचा निबंध होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं माझ्या मनात आलं नाही.

व्यासपीठावरच्या फळ्यावर मी गुणानुक्रमे सगळे बावीस नंबर एका ओळीत लिहिले होते. सतरा अगदी उजव्या टोकाला होता.

"सतरा नंबरच्या रसिकाने," मी झेरॉक्स उंच धरून सुरुवात केली, "आपल्याला थेट जपानला नेलं आहे. तिकडे म्हणे माणूस आधी समुद्राच्या तळाशी उठून बसतो, मग बुडतो, मग बोटीवर चढतो आणि सगळ्यात शेवटी तिकीट काढतो. आपल्या एसटीचा कंडक्टर हे चालू देणार नाही."

हॉल हसला. पुढच्या रांगेतले एक देणगीदार हसता हसता खोकायला लागले. तेव्हा मागच्या बाकांवरून एक मुलगी उठून उभी राहिली. तिच्या शेजारी तिची आई बसली होती. ती आमची मासेवाली होती, पण इस्त्रीच्या लुगड्यात तिला ओळखायला मला क्षणभर वेळ लागला.

"सर," मुलगी म्हणाली, "ती पानं उजवीकडून वाचायची असतात. मी खाली लिहिलंय."

तिने लिहिलं होतं. झेरॉक्सच्या खाली, बारीक अक्षरात. मी ते पाहिलं. कोण उभी आहे, तिच्या शेजारी कोण बसलं आहे आणि काय ऐकायला आलं आहे, हेही मला त्या क्षणी कळलं होतं. इथे 'असं होय, चुकलं माझं' एवढं म्हणून पुढे जाता आलं असतं. पण हॉल माझ्याकडे बघत होता आणि माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं.

"असं होय?" मी फळ्याकडे बोट केलं. "मग निकालही उजवीकडून वाच. पहिली येशील."

तेवढा मोठा हशा मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही. मुलगी उभीच होती. बसावं की नाही हे तिला ठरवता येत नसावं. त्या हशाच्या भरात मी निबंधाचं चौथं पान उघडलं, आणखी काही सापडतं का बघायला, आणि सापडलेलं वाक्य मोठ्याने वाचत सुटलो: 'माझ्या काकांची होडी उलटली तेव्हा पाच जण एका रिकाम्या डिझेलच्या कॅनला धरून पहाटेपासून दुपारपर्यंत पाण्यात होते.'

"पाहा," मी म्हटलं, "परग्रहावरून निघालेला लेखक शेवटी काकांच्या होडीत!"

पुढच्या खुर्च्या हसल्या. मागचे बाक गप्प झाले. ती होडी सगळ्या गावाला ठाऊक होती. त्या दिवशी आम्ही अर्ध्या गावाने किनाऱ्यावर उभं राहून वाट पाहिली होती, त्यात मीही होतो. माझा आवाज मला ऐकू आला. मी "असो" म्हटलं आणि पाककृतीच्या निबंधाकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी मुलीची आई नेहमीच्या वेळी आली. पाटी उतरवली. बांगडे काढून दिले.

"काल गर्दी बरीच होती," मीच म्हटलं.

"निकाल आयकलंय मी मास्तरानू," ती म्हणाली. "फॅक्टरीत सांगान इलंय. एक जूनाक बोलवल्यानी."

"अगो, ती गंमत होती."

"गंमत?" तिने पाटी डोक्यावर घेतली. "मगे तिका हसाक कित्याक नाय इला?"

ती फाटकाबाहेर पडली आणि मी बांगडे घेऊन आत गेलो.

मी ते पुस्तक वाचायचं ठरवलं. सुरुवातीला हेतू शुद्ध नव्हता, हे कबूल करतो. पुस्तक खरोखर भिकार निघालं तर आपण म्हणालो ते बरोबर होतं, एवढा आधार मला हवा होता. बाजारात इंटरनेटचं एकच दुकान होतं. दुकानदाराने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. माझं नाव त्याच्या कानावर आलेलं असणार.

"ता ती एकटीच वाचता," तो म्हणाला. "बाकीचे क्रिकेटचो स्कोअर बघूक येतत. लाइन हळू, म्हणान मीच तिका एकेक भाग उतरवन ठेवन देतंय. तुमका खंयसून वाचूचा आसा?"

"पहिल्यापासून."

"उजवीकडसून हां," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

अठरा भाग, इंग्रजीत, पडद्यावर. शेजारी तिने ठेवलेली एक इंग्रजी-मराठी डिक्शनरी होती, पुठ्ठा सुटलेली. वीज दुपारी दोन-तीन तास जाई. मी शाळेच्या सुट्टीतले नऊ दिवस त्या पत्र्याखाली घामाघूम होऊन काढले. पहिले दोन दिवस माझी नजर सवयीने डावीकडे जाई आणि मेलेला माणूस पुन्हा बोलताना दिसे. तिसऱ्या दिवशी नजर वळली.

पुस्तक भिकार नव्हतं. चांगलंही नव्हतं, म्हणजे सरसकट नव्हतं. ते कुठे चांगलं आहे आणि कुठे वाईट, हे ठरवताना मला माझी सगळी बुद्धी वापरावी लागली, आणि मराठी पुस्तकांच्या बाबतीत असं मला बऱ्याच वर्षांत करावं लागलं नव्हतं.

गोष्ट अशी. बोट बुडते. बोटीवर तिकिटं तपासणारा एक तरुण आणि सदतीस प्रवासी त्या कोरड्या समुद्रात जागे होतात. प्रत्येकाच्या मनगटावर एक आकडा उमटलेला असतो: उरलेले श्वास. भरतीचा भोंगा वाजला की खेळ सुरू. लपायचं, पळायचं, किंवा तळातून वर येणाऱ्या यंत्रांशी लढायचं. दुसऱ्याला मारलं तर त्याचे श्वास आपल्या मनगटावर येतात. बोट बुडण्याचा प्रसंग सहा पानांचा आहे आणि त्यात एक शब्द नाही. पाणी काढणं सगळ्यात अवघड, हे मला आमचे चित्रकलेचे शिक्षक सांगत. या माणसाला पाणी काढता येतं. ते वरून निळं-बिळं दिसत नाही, ते माणसाच्या नाकाशी आलेलं दिसतं. तिकिटं तपासणारा नायक भित्रा आहे आणि चार भाग भित्राच राहतो. पहिल्या खेळात तो एका म्हातारीच्या मागे लपतो. लेखक त्याला माफ करत नाही आणि त्याच्यावर भाषणही करत नाही. सुरुवातीच्या भागांत मेलेल्या माणसाला वजन असतं. प्रेत उचलायला चार जण लागतात, एकाचा हात सुटतो, पुन्हा उचलावं लागतं. रक्त आहे, भरपूर आहे, पण त्याची चटक लागत नाही, किळस येते.

सातव्या भागापासून लेखक थकतो किंवा त्याचा खप वाढतो. यंत्रं प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठी. लेखक अडचणीत आला की खेळाचा नियम बदलतो, आणि नियम बदलल्याचं एक पात्र दुसऱ्याला तीन पानं समजावून सांगतं, आजूबाजूला माणसं मरत असताना. बायका आहेत, पण त्या मरण्यासाठी आहेत. प्रत्येक बाई नायकाला रडू यावं म्हणून मरते, आणि श्वास संपण्याआधी तिचे कपडे संपतात. एव्हाना प्रेतांना वजन राहिलेलं नसतं. ती उडतात, तुकडे होतात, छान दिसतात. जी किळस यायची ती जाऊन मजा यायला लागते, आणि पुस्तकाचा खरा गुन्हा हाच. हे माझं मत झालं. मी ते वहीत लिहिलं आणि थोडा खूश झालो.

मग घरी येऊन सतरा नंबरचा निबंध काढला.

यातलं सगळं त्यात होतं. पाण्याची सहा पानं होती. प्रेताचं वजन होतं. नियम बदलण्याबद्दल तिने लिहिलं होतं की लहान मूल हरायला लागलं की असं करतं. बायकांबद्दल दोनच ओळी होत्या, त्या माझ्या अर्ध्या पानापेक्षा बऱ्या. मी नऊ दिवस घालवून बारावीतल्या मुलीच्या तीन पानांपर्यंत पोचलो होतो. आणि चौथ्या पानावर ती माझ्या पुढे गेली होती.

घाबरलेली माणसं एकमेकांचे गळे धरतात असं हा लेखक धरून चालतो, तिने लिहिलं होतं. मग तिच्या काकांची होडी. पाच माणसं, एक कॅन. तिघांनाच धरायला जागा. बाकीचे दोघे त्यांच्या खांद्याला धरून राहिले आणि पाळीपाळीने जागा बदलत गेले. कोणी कोणाला ढकललं नाही. कोणी शूरही झालं नाही. पण किनाऱ्याला लागल्यावर, कपडे बदलून चहा पिऊन झाल्यावर, होडी कोणामुळे उलटली यावरून त्या पाचांत जे भांडण झालं त्यातले दोघे अजून एकमेकांशी बोलत नाहीत. तिने पुढे लिहिलं होतं की लेखकाला भांडण माहीत आहे, पण त्याने ते चुकीच्या जागी ठेवलं आहे. तो बहुतेक कधी पाण्यात पडलेला नसावा.

मी तीस वर्षं पुस्तकांवर बोलत आलो आहे. असं वाक्य मला लिहिता आलेलं नाही. आणि त्या वाक्याच्या आठ-दहा ओळी वरचं वाक्य मी माईकवरून हशासाठी वाचलं होतं.

मी तिच्या आईच्या घरी गेलो. ती अंगणातल्या खळ्यात सुकट उलथत होती. मी तिला म्हटलं, तुझ्या मुलीचा निबंध सगळ्यांत चांगला होता, चूक माझी झाली, तिला कुडाळला पाठव.

तिने ऐकून घेतलं. "तां हयसर सांगान काय उपेग?" ती म्हणाली. "माणसांत हसलात ना? मगे माणसांत सांगा."

मला वाटलं ती वाचनालयाबद्दल बोलते आहे. पुढची सभा थेट ऑगस्टात, तोपर्यंत अ‍ॅडमिशनही संपतील, असं मी तिला समजावायला लागलो. खरं सांगायचं तर ही अडचण सापडल्याने मला सुटल्यासारखं झालं होतं.

"वाचनालय कित्याक?" ती म्हणाली. "सकाळी रापणीर येवा. आमची माणसां थंयच असतत."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. होडीतून ते कमानीसारखं समुद्रात सोडतात आणि मग तीस-चाळीस माणसं दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून मागे मागे चालत ते ओढतात. पावसाळ्याआधीची शेवटची रापण होती. मी पोचलो तेव्हा दोरी ताणलेली होती. मुलीचा काका पहिल्या पाचांत होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा दोरीकडे बघितलं. तिची आई पाण्याच्या कडेला रिकामी पाटी घेऊन उभी होती. मुलगी नव्हती.

मी घसा साफ केला. "मंडळी, गेल्या पंधरवड्यात वाचनालयाच्या व्यासपीठावरून बोलताना माझ्याकडून अनवधानाने..."

"मास्तरानू, दोरयेक हात लावा आधी," कोणीतरी म्हणालं. "उभ्यान बोलतल्याचां हयसर कोण आयकणा नाय."

मी चपला काढल्या आणि दोरी धरली. ती ओली आणि खरखरीत होती आणि मी तिच्याबरोबर पाण्याकडे ओढला गेलो. मागच्या म्हातारीने माझी कोपरं तिला हवी तशी वळवली.

"हां, आता बोला. सभेतला नको, साधां बोला."

"त्या दिवशी चेडवाच्या निबंधार मी बोललंय," मी धापा टाकत म्हटलं, "तां माझ्याकडसून अनवधानान—"

"अनवधान म्हंजे काय ओ?"

"म्हंजे... लक्ष नसताना."

"लक्ष कसां नाय?" मागून म्हातारी म्हणाली. "चेडू उठान सांगी होता ना? मी थंय होतंय. तुमी तिच्याकडे बघान हसलात."

"व्हय."

"मगे सरळ म्हणा ना, चुकलंय."

"चुकलंय," मी म्हटलं.

"आयकाक येणा नाय!" पलीकडच्या दोरीवरून आवाज आला. तिकडे हसू फुटलं.

"चुकलंय!" मी ओरडलो. "तिचो निबंध सगळ्यांत बरो होतो. पयलो नंबर तिचोच. मी शेवटचो दिलंय."

काका मान न वळवता म्हणाला, "आणि ज्याच्यार लिवल्यान तां पुस्तक? तां रक्ताचां? तां बरां आसा?"

त्या क्षणी मला सगळ्यांची मनं राखायची होती. "फार मोठां पुस्तक आसा," मी म्हटलं. "जगात तसां पुस्तक नाय."

जाळं आलं. तारली होती, थोडे बांगडे, एक चपटा लेप. दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो, ही तिथली रीत. म्हातारीपासून पोरापर्यंत. वाटे पडताना एक माझ्यासाठीही पडला. मी नको म्हटलं.

"नको म्हणाक जमाचा नाय," काका म्हणाला. "हात लायलात."

मी माफी मागायला गेलो होतो आणि मासे घेऊन परत निघालो. तिची आई पाटी भरून माझ्या बाजूने गेली. "धाडतंय कुडाळाक," ती म्हणाली. "तुमी सांगलात म्हणान नाय हां. ह्या सगळ्यांनी आयकल्यानी म्हणान." आणि तिने खरंच पाठवलं. एक जूनला फॅक्टरीत तिच्या जागी दुसरी कोणी गेली असेल.

मला वाटलं, मिटलं. त्याच संध्याकाळी मुलगी आमच्या पडवीत आली.

"सर, माझा निबंध परत हवा होता. कुडाळला न्यायचाय."

"देतो ना. बस."

ती बसली नाही. "तुम्ही सकाळी म्हणालात, त्या पुस्तकासारखं जगात पुस्तक नाही?"

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनी."

"म्हटलं खरं तसं."

"मी तसं लिहिलेलं नाही. माझा अर्धा निबंध दोषांवर आहे. आता काका म्हणतो, एवढं थोर असेल तर मलाही वाचून दाखव. सातव्या भागानंतरचं मी त्याला काय दाखवू?"

"अगं, तिथे सगळ्यांसमोर दोष कुठे सांगत बसणार?"

"त्या दिवशी सगळ्यांसमोरच सांगितलेत," ती म्हणाली. रागाने नाही. शाळेत एखाद्याची बेरीज चुकली की मी ज्या आवाजात सांगतो, त्या आवाजात.

मी आत गेलो. निबंध कपाटात होता. बाहेर नेण्याआधी मी तो चाळला आणि थांबलो. तपासताना मी लाल शाईने शेरे मारले होते. पहिल्या पानावर 'हास्यास्पद'. दुसऱ्यावर तीन उद्गारचिन्हं. तिसऱ्यावर 'अभिरुची!' आणि खाली जाड रेघ. शाई पुसता येत नव्हती. आपण रात्रीतून स्वच्छ प्रत उतरवून उद्या द्यावी, मूळ हरवली म्हणावं, असं माझ्या मनात आलं, आणि नुसतं आलं नाही, मी कोरे कागद शोधायलाही लागलो. बाहेर तिच्या पायाचा आवाज झाला. मी जसा होता तसा निबंध नेऊन तिच्या हातात दिला.

ती पडवीच्या कडेला उजेडात उभी राहून वाचायला लागली. पहिलं पान. शेरा वाचला. दुसरं. तिसऱ्यावर जास्त वेळ थांबली. चौथं पान तिने उलटून पाहिलं, मागे काही आहे का म्हणून, आणि पुन्हा सुलटं केलं.

इथपर्यंत लिहिताना मी एक गोष्ट टाळली आहे. ती तिने विचारली.

"चौथ्या पानावर काहीच शेरा नाही, सर."

"नाही."

"ते चुकलं नव्हतं म्हणून?"

"ते मी वाचलंच नव्हतं," मी म्हटलं. "माईकसमोर उघडलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नंबर त्याआधीच लावला होता."

तिने चारही पानं एकत्र केली, कडा जुळवल्या आणि झेरॉक्स परत टाचल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाकीच्या एकवीस जणांचं पूर्ण वाचलंत?"

"नाही," मी म्हटलं. "पाककृतींचा एक तेवढा शेवटपर्यंत वाचला."